कमानीखालची चार डोकी

१

मंगळवारी सकाळी पावणेनऊच्या सुमाराला सर्क्युलर रोडमागच्या गल्लीतून जुमाट नावाचा ड्रायव्हर धावत सुटला, आणि त्याला धावताना निदान दहा माणसांनी पाहिलं. पळणाऱ्याला लोक आधी धरतात आणि मग विचारतात. जुमाटला धरलं तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने नुसतं मागे बोट दाखवलं.

गल्लीत, सुक्या मासळीच्या दुकानाच्या मागच्या दाराशी निळी गाडी उभी होती. तिच्यात पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर, दुकानाचा मालक च्यू बसला होता; सगळे त्याला तावके, म्हणजे शेठ, म्हणत. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्याभोवती गाडी पुसायचा टॉवेल. पोलिसांनी टॉवेल सोडला तेव्हा त्याखालचा काळानिळा वळ दिसला.

इन्स्पेक्टर सिरिल ऑलिव्हेरो आला तोवर गल्ली माणसांनी फुलली होती. पन्नाशी उलटलेला, पित्ताने कायम वैतागलेला हा माणूस प्रेतांना घाबरत नसे, पण गर्दीला कावत असे. त्याने सगळ्यांना हाकललं आणि वाकून आत पाहिलं. म्हातारा बसल्या बसल्या ताठ झाला होता. त्याच्या कपाळाला डोकेदुखीवर चोळतात त्या तेलाचा झणझणीत वास येत होता. मागच्या सीटच्या फटीत मोगऱ्याची एक चुरगळलेली कळी होती. ऑलिव्हेरोने ती कागदाच्या पुडीत टाकली आणि तिच्याविषयी विसरूनही गेला.

"मध्यरात्रीच्या आसपास गेलाय," डॉक्टर म्हणाले. "खुर्चीत बसलेला असताना कुणीतरी मागून गळा आवळला. तसाच ताठला. गाडीत नंतर आणून बसवलाय."

म्हणजे घरी मारलं आणि इथे आणलं. पण आणलं कधी? त्याचं उत्तर ऑलिव्हेरोने पाच मिनिटांत काढलं, आणि पुढे आयुष्यभर त्याला त्या पाच मिनिटांची लाज वाटत राहिली.

सकाळी साडेसात ते सव्वादहा शहराच्या या भागात शिरायचं तर गाडीच्या काचेवर त्या दिवसाचा चार डॉलरचा परवाना लागतो. विकणारा त्यावर गाडीचा नंबर घालून देतो. आत येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर कमान आहे आणि कमानीशी गणवेशातलं माणूस. ते गाडी अडवत नाही, बिनपरवान्याचा नंबर तेवढा वहीत टिपतं, आणि काही दिवसांनी घरी दंडाचं पत्र येतं. च्यूच्या गाडीवर परवाना नव्हता. ऑलिव्हेरोने सगळ्या कमानींच्या वह्या मागवल्या. एकाही वहीत गाडीचा नंबर नव्हता.

"साडेसातच्या आधीच आत आलीय," तो म्हणाला. "त्या वेळी कोण कुठे होतं ते शोधा."

त्या वेळी कुठे होतो हे ज्याला सांगता आलं नाही, तो जुमाट होता. राहिलेला पगार मागायला गल्लीत आलो होतो, एवढंच तो सांगत राहिला.

२

आदल्या संध्याकाळी जुमाटची नोकरी गेली होती. आईच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणासाठी त्याने एक दिवसाची रजा मागितली. तावके म्हणाला, तुझी आई एकदाच मेली ना, मग किती वेळा रजा घेशील? जुमाटचं डोकं फिरलं. "एक दिवस कुणीतरी तुझा गळा आवळेल," असं तो भर दुकानात ओरडला आणि गाडीची चावी टेबलावर फेकून निघून गेला.

हे ऑलिव्हेरोला दुकानाचे मुख्य कारकून मिस्टर पुआ यांनी सांगितलं, तेही खोदून खोदून विचारल्यावर. साठीला टेकलेला, नाकासमोर चालणारा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि घामाने कॉलर मळू नये म्हणून मानेमागे घडी करून खोचलेला रुमाल. तावकेच्या हाताखाली त्याची बावीस वर्षं गेली होती.

"रागाच्या भरात बोलला हो बिचारा," पुआ म्हणाला. "त्याला लहान मुलगी आहे. माझ्या तोंडून हे काढून घेऊ नका, इन्स्पेक्टर."

"तुम्ही स्वतः साडेसातला कुठे होता?"

"जू चियात रोडवर, नेहमीच्या कॉफीच्या दुकानात. सव्वासात ते साडेसात. रोजची माझी जागा आहे, मालकाला विचारा. मग रांगेत उभा राहिलो."

"कसली रांग?"

"बसस्टॉपवरची. चार माणसं भरली की गाडीला परवाना लागत नाही ना. गाडीवाल्यांना माणसं हवी असतात, आम्हाला फुकट यायला मिळतं. तीन वर्षं असाच येतोय मी."

"मंगळवारी कुणाच्या गाडीतून आलात?"

पुआ ओशाळून हसला. "ते कसं सांगू? त्या गाडीत कुणी कुणाचं नाव विचारत नाही, साहेब. बसायचं, गप्प राहायचं, उतरताना थँक्यू म्हणायचं."

ते खरंच होतं. ऑलिव्हेरोची स्वतःची मेहुणी अशीच कामाला जायची. कॉफीवाल्यानेही सांगितलं, पुआ साडेसातपर्यंत तिथे पावाचा तुकडा कॉफीत बुडवत बसला होता.

च्यूचा पुतण्या वी मेंग याच्याकडे आपण कुठे होतो याचा कसलाच पुरावा नव्हता आणि त्याला त्याची फिकीरही नव्हती. दुकान पाडलं जाणार होतं. तावके महिनाअखेरीला ते बंद करून पेनांगला मुलीकडे जाणार होता, आणि दुकानाचं साठ वर्षांचं नाव त्याने पुतण्याच्या नव्या रेडिओच्या दुकानाला दिलं होतं.

"मला हवं ते मिळालं होतं. कशाला मारू?" वी मेंग म्हणाला. "सकाळी घरी झोपलो होतो. बायकोला विचारा. आणि रांगेचं मला नका विचारू, माझ्याकडे महिन्याचा परवाना आहे. लोकांच्या घामाच्या वासात कोण बसेल?"

सुपरिंटेंडंटना पुतण्या आवडला नाही, पण खुनी म्हणून जुमाट जास्त पटला. टॉवेल त्याचा होता. मारलं, गाडी आणून ठेवली, आणि टॉवेल राहिला म्हणून परत आला, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं ठरलं. खुनाच्या आरोपाला या मुलुखात शेवट एकच असतो, आणि तो दोरीचा.

बुधवारी रात्री ऑलिव्हेरो कोठडीत गेला. जुमाट उंच माणूस होता, पण भिंतीशी मुडपून बसला होता.

"तुआन, साहेब, एक विचारू?" तो म्हणाला. "तावके पुढे कसा काय बसला?"

"तूच बसवलंस म्हणतात."

"अकरा वर्षं मी त्याची गाडी चालवली. तो मागे डाव्या बाजूला बसायचा. पुढे बसलो की लोक मला ड्रायव्हरचा भाऊ समजतील, म्हणायचा. मी त्याला मारून नेलं असतं तर मागेच ठेवलं असतं ना? आडवा ठेवला असता. चादर टाकली असती." जुमाटने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "आणि ते तेल. त्या वासाने त्याला मळमळायचं. मी लावलं तर मला गाडीबाहेर उभं करायचा. त्याच्या कपाळाला तेल लावलं कुणी?"

ऑलिव्हेरो उठला. जिन्याने वर येताना त्याला कळलं की हे दोन्ही प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवे होते, आणि ते विचारायला आपण एका निरपराध माणसाला कोठडीत घातलंय.

३

गुरुवारी सकाळी पोलीस ठाण्याच्या पायरीवर जुमाटची बायको रोकियाह डबा घेऊन बसली होती. तीन दिवस ती येत होती आणि डबा तसाच परत जात होता.

"शाळेत पोरीला दोरीउड्या खेळायला घेत नाहीत," ती ऑलिव्हेरोला म्हणाली. "म्हणतात, दोर तुझ्या बापासाठी ठेवलाय. तुआन, मुलांना हे कोण शिकवतं?"

तो गाडीत बसला. पण ऑफिसात न जाता तो कलांगकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या कमानीशी गेला आणि गाडी बाजूला घेऊन उभा राहिला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

कमानीशी हमिदा नावाची तरणीबांड मुलगी वही घेऊन उभी होती. गाड्या एकामागून एक सरकत होत्या. तिची नजर काचेवर जायची, पुढच्या गाडीवर जायची, मध्येच पेन्सिल चालायची.

"त्या पांढऱ्या गाडीवर परवाना नव्हता," ऑलिव्हेरो म्हणाला. "लिहिलं नाहीस."

"चार डोकी होती, साहेब."

"चार असली की काही लिहीत नाहीस?"

"काय लिहायचं? फुकटच आहेत. नंबर टिपत बसले तर मागच्या दहा निसटतील." ती गाड्यांवरून नजर न काढता बोलत होती. "पुढे दोन, मागे दोन. मोजायचं आणि सोडायचं."

वही कोरी होती म्हणजे च्यूची गाडी साडेसातच्या आधी आली, असं ऑलिव्हेरोने धरलं होतं. वही आणखी एका कारणाने कोरी राहू शकत होती.

"हमिदा, डोकी मोजताना ती हलतायत का ते बघतेस?"

"सकाळी आठ वाजता कुणाचं हलतं, साहेब? अर्धे झोपलेलेच असतात." मग तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि तिची पेन्सिल थांबली. "साहेब, असं का विचारताय?"

४

तावके पुढच्या सीटवर का होता ते आता उघड होतं. तो प्रवासी होता. चौघांतला एक. आणि मागे बसणाऱ्यांना त्याचं तोंड दिसू नये म्हणून तो पुढे होता.

म्हणजे चालवणारा एक, मेलेला एक, आणि मागे दोन. ते दोघे खुनात सामील असतील का? खुनात सामील असलेलं माणूस वाटेत थांबून प्रेताच्या कपाळाला तेल लावत नाही. ते दोघे रांगेतले होते. त्यांना काही माहीतच नव्हतं.

ऑलिव्हेरोने पुडीतली मोगऱ्याची कळी काढून टेबलावर ठेवली. वाळून ती तपकिरी झाली होती. पुआचा कॉफीच्या दुकानातला पुरावा साडेसातलाच संपत होता, म्हणून त्याने पहिल्यांदा जू चियात रोडच्या रांगेत पुआची चौकशी केली. रांगेची स्वतःची शिस्त असते, रोजची माणसं एकमेकांची नावं जाणत नाहीत पण जागा जाणतात.

"मानेवर रुमालवाले अंकल ना?" एक टायपिस्ट मुलगी म्हणाली. "रोज माझ्या पुढे असतात. मंगळवारी नव्हते. माझा नंबर लवकर लागला म्हणून लक्षात आहे."

एवढ्यावर कुणाला फाशीवरून उतरवता येत नाही. एक दिवस रांगेत नसणं हा गुन्हा नव्हे, पुआ सरळ म्हणेल दुसऱ्या स्टॉपवरून गेलो. सुपरिंटेंडंट नेमकं तेच म्हणाले. "सोमवारपर्यंत वेळ आहे तुला," असंही म्हणाले.

शुक्रवारी तो तीन स्टॉपवर उभा राहिला. केसांत फुलं माळलेली बाई दिसली की तिच्याशी बोलायला जायचा. एकीने चप्पल काढली. दुसरीच्या नवऱ्याने त्याची गचांडी धरली आणि बिल्ला पाहून पाया पडला. शनिवारी सकाळी पावणेआठला, कलांगच्या स्टॉपवर, त्याला पाक्कियम भेटली.

पंचेचाळिशीची, बँकेत फरशी पुसायचं काम करणारी बाई. डोक्यात मोगरा, हातात पिशवी, पिशवीत डबा, आणि त्यातच तेलाची छोटी बाटली.

"मंगळवारी? हो, निळी गाडी," ती लगेच म्हणाली. "मी आणि एक म्हातारे चिनी बाबा. पुढे ते आजारी गृहस्थ होते. त्यांचं काय? बरे आहेत ना?"

ऑलिव्हेरोने वही काढली. "तुम्हाला कसं कळलं आजारी आहेत?"

"गाडीवाले म्हणाले ना, माझा मोठा भाऊ आहे, रात्रभर तळमळत होता, डॉक्टरकडे नेतोय. मला वाईट वाटलं. फुकट बसायचं आणि नुसतं बघत राहायचं का? मी मागून हात घालून कपाळाला तेल चोळलं." तिने दोन बोटं हवेत फिरवून दाखवली. "ते गाडीवाले नको नको म्हणत होते, पण तेवढ्यात कमान आली, मग गप्प बसले. अंग थंडगार होतं हो. मी म्हटलं, वारा लागलाय यांना. घरी नेऊन पेज द्या."

"गाडीवाल्याचा चेहरा आठवतो?"

"मागे बसलेल्याला चेहरा कुठला दिसतो, साहेब?" पाक्कियम म्हणाली. "मान दिसते."

५

दुपारी ठाण्यातल्या एका खोलीत पाच खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या. तीन साध्या कपड्यांतले पोलीस, चौथा वी मेंग, पाचवा पुआ. पुआचा रुमाल आधीच काढून घेतला होता.

"हा काय पोरखेळ आहे?" वी मेंग गुरगुरला.

"दोन मिनिटं," ऑलिव्हेरो म्हणाला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कोरा पांढरा रुमाल दिला. "उकडतंय. मानेमागे कॉलरमध्ये खोचून घ्या."

पोलिसांनी रुमाल कसाबसा कोंबला. वी मेंगने तो खांद्यावर टाकला आणि सांगितल्यावर चिडून आत ढकलला. पुआचा हात क्षणभर थबकला. त्याला कळलं असावं. पण बावीस वर्षं जे हात रोज तेच करत आले, ते त्याचं ऐकेनात. रुमाल लांब दुमडला, पुन्हा दुमडला, एक कोपरा आत घेतला, कॉलरखाली सरकवला आणि अंगठ्याने दोनदा दाबून सपाट केला.

मागचं दार उघडून पाक्कियम आत आली. ऑलिव्हेरोने तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं आणि अख्ख्या वाटेत त्याचा धीर झाला नव्हता. तिला एवढंच माहीत होतं की त्या गाडीवाल्याला शोधायचंय. ती पाचही मानांवरून नजर फिरवत चालली आणि शेवटच्या खुर्चीशी थांबली. तिचा चेहरा ओळखीने उजळला.

"हेच ते," ती म्हणाली, आणि आपुलकीने किंचित पुढे वाकली. "अंकल, तुमचा भाऊ आता कसा आहे?"

पुआने मान वळवली नाही. त्याचे खांदे मात्र खाली खाली जाऊ लागले आणि मानेवरचा तो नीटस रुमाल थरथरायला लागला.

"तिला बाहेर न्या," तो भिंतीला म्हणाला. "कृपा करून तिला बाहेर न्या. सगळं सांगतो."

त्याने सांगितलं. दुकान बंद झालं तरी दुकानाचं नाव तुझं, असं तावके त्याला वर्षानुवर्षं म्हणत आला होता. पुआने दुसरीकडे छोटीशी जागाही बघून ठेवली होती. सोमवारी रात्री तो घरी विचारायला गेला तेव्हा तावके खुर्चीत टेकून हसला. "कारकुनाच्या दारावर माझ्या बापाचं नाव?" एवढंच म्हणाला. टॉवेल व्हरांड्यात वाळत होता, तावकेने स्वतःच चालवत आणलेली गाडी दारात होती आणि चावी टेबलावर.

"मग डोकं शांत झालं," पुआ म्हणाला. "तीन वर्षं मी कमानीखालून जातोय. चार डोकी असली की ती पोरगी पेन्सिल उचलत नाही, हे मला पाठ आहे. साडेसातपर्यंत सगळ्यांसमोर बसायचं, मग जायचं. वही कोरी राहिली की तुम्ही लोक काय समजणार ते मला ठाऊक होतं. तुम्ही तसंच समजलात."

"आणि जुमाट? त्याच्या मुलीची तुम्हाला दया येत होती ना?"

"येत होती," पुआ म्हणाला, आणि ते खोटं वाटलं नाही. ऑलिव्हेरोला त्याचाच जास्त राग आला. "ती बाई हात पुढे घालेल असं मला वाटलंच नाही. त्या गाड्यांत कुणी कुणाला हात लावत नाही, साहेब. तीन वर्षांत माझी कुणी चौकशीसुद्धा केली नव्हती."

६

पाक्कियमला ऑलिव्हेरोने स्वतःच सांगितलं, बाहेरच्या बाकावर, शेजारी बसून. ती ओरडली नाही. तिने आपल्या उजव्या हाताची दोन बोटं पाहिली, पदराला पुसली, पुन्हा पाहिली.

"मी त्याला म्हणत होते, डोळे मिटून पडा, बरं वाटेल," ती म्हणाली. मग तिने पिशवीतली बाटली काढून बाकावर ठेवली आणि ती न घेताच निघून गेली.

सोमवारी सकाळी जुमाट सुटला. सहा दिवसांत त्याचे गाल आत गेले होते. पायरीवर रोकियाह आणि मुलगी उभ्या होत्या. मुलगी बापाला बिलगली नाही. आधी तिने त्याच्या गळ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मग त्याचा हात धरला. ऑलिव्हेरोला ते बघवेना.

"चला, घरी सोडतो," तो म्हणाला आणि त्याने आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. मागे मायलेकी बसल्या होत्या.

जुमाट त्या रिकाम्या सीटकडे पाहत उभा राहिला. मग त्याने हलकेच ते दार लावलं.

"पुढे नको, तुआन."

तो मागे बायको-मुलीशेजारी दाटीवाटीने बसला, डाव्या बाजूला. ऑलिव्हेरो एकटाच पुढे बसून गाडी चालवू लागला. समोरून कमानीकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, प्रत्येकीत चारचार माणसं, सगळी गप्प. कलांगच्या पुलापर्यंत त्याने धीर गोळा केला.

"जुमाट, चूक माझी झाली. वही बघितली आणि तुला विचारलंच नाही."

आरशात ऑलिव्हेरोला मुलगी दिसत होती. ती डोळे टक्क उघडे ठेवून बसली होती, आणि तिचा बाप डोकं मागे टेकून डोळे मिटून होता. तिने त्याच्या दंडाला हात लावला, मग कपाळाला लावला.

"बाबा," ती म्हणाली, "झोपू नकोस."